विषय: यंदाची सहल – प्लांताझमधली दोन संग्रहालयं

प्रेषक: सुजाता (सहल समिती)

नमस्कार मंडळी,

ट्युलिप आणि पवनचक्क्या आता पुरे, असं गेल्या बैठकीत बऱ्याच जणांनी सुनावलं. म्हणून यंदा ॲमस्टरडॅमच्या प्लांताझ भागातलं राष्ट्रीय होलोकॉस्ट संग्रहालय आणि तिथून चालत पाच मिनिटांवरचं प्रतिकार संग्रहालय (दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी ताब्याला विरोध करणाऱ्यांचं) असा बेत सुचवतेय. वार रविवार. दोन्हीकडे म्युझियमकार्ड (संग्रहालयांचा वार्षिक पास) चालतं. मतं यादीवरच कळवा, मला एकटीला वेगळे निरोप नकोत.

प्रेषक: मिलिंद

सुजाता, विषय महत्त्वाचा आहे, वाद नाही. पण मंडळाच्या सहलीला? आमची धाकटी सात वर्षांची आहे. शिवाय निम्म्या घरांत सध्या भारतातून आईबाबा आलेत. त्यांना रविवारी सकाळी उठवून छळछावण्यांचे फोटो दाखवायचे का? माझं मत आल्कमारच्या चीज बाजाराला.

प्रेषक: रेखाताई

मिलिंद, तुझी शंका रास्त आहे, पण तिथे पहिल्यांदा अंगावर येतात ते फोटो नव्हेत, कायदे. नाझी ताब्यात ज्यूंविरुद्ध निघालेले शेकडो हुकूम भिंतींवर खालपासून वरपर्यंत छापलेत. बागेत जाऊ नये. सायकल जमा करावी. दुकानात दुपारी तीन ते पाच याच वेळात जावं. रात्री आठनंतर घराबाहेर पडू नये. एकेक सुटा वाचला तर नगरपालिकेची नोटीस वाटावी इतकी कोरडी भाषा. पलीकडचं आर्टिस प्राणिसंग्रहालय, जिथे आपली पोरं वर्षाचा पास काढून हुंदडतात, तेही 1941च्या सप्टेंबरपासून ज्यूंना बंद होतं. हे सात वर्षांच्या मुलीलाही कळतं.

नेदरलँड्समधल्या सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी 1,02,000 मारले गेले, म्हणजे चारातले जवळजवळ तीन. पश्चिम युरोपात इतकं प्रमाण दुसरीकडे कुठे नाही. कारणं अनेक सांगतात. मला स्वतःला त्यातलं कागदपत्रांचं कारण सगळ्यात जास्त खुपतं. इथली लोकसंख्या नोंदवही चोख होती, ओळखपत्र बनावट करायला महाकठीण होतं आणि कारकुनांनी आपापलं काम नेटकं केलं. प्रतिकार गटाने 27 मार्च 1943 ला पोलिसांचे गणवेश चढवून शहराचं नोंदणी कार्यालय पेटवलं ते त्यासाठीच. ती इमारत आर्टिसच्या शेजारीच, प्लांताझ केर्कलानवर आहे. त्यांच्यातल्या बारा जणांना 1 जुलैला गोळ्या घातल्या.

आता होलोकॉस्ट संग्रहालयाची जागा. ते 2024च्या मार्चमध्ये उघडलं, पण इमारत जुनी, शिक्षकांचं अध्यापन विद्यालय होतं तिथे. रस्त्याच्या पलीकडे हॉलंडशे स्खाउबुर्ग हे नाट्यगृह. 1942 ते 1943 मध्ये हजारो ज्यूंना हद्दपारीआधी तिथे डांबलं. लहान मुलांना मात्र समोरच्या, विद्यालयाला लागून असलेल्या पाळणाघरात ठेवत. पाळणाघराच्या प्रमुख हेन्रिएट पिमेंटेल, नाट्यगृहातला व्यवस्थापक वाल्टर झ्युस्किंड (स्वतः जर्मनीतून पळून आलेला ज्यू) आणि विद्यालयाचे योहान फान हुल्स्ट यांनी मिळून सुमारे 600 मुलं बाहेर काढली. झ्युस्किंड नोंदींत फेरफार करून मुलांची नावं गाळायचा. मुलं मागच्या कुंपणावरून विद्यालयात यायची. कधी टोपलीत, कधी पिशवीत घालून नेत. आणि ट्राम! नाट्यगृहाच्या दारातल्या पहारेकऱ्यांसमोर ट्राम येऊन थांबली की त्यांना पलीकडचं दार दिसत नसे. तेवढ्यात मूल कडेवर घेऊन ट्रामच्या आडोशाने चालू लागायचं. आजही तिथून ट्राम जाते. दोन मिनिटं फुटपाथवर उभं राहा, म्हणजे किती सेकंदांचा खेळ होता ते समजेल.

पिमेंटेल आउशविट्झच्या छळछावणीत मारल्या गेल्या, झ्युस्किंडही युद्धातून परतला नाही. फान हुल्स्ट शंभरी ओलांडून जगले. पण आपल्याला आणखी का नेता आली नाहीत, हे त्यांच्या मनातून कधी गेलं नाही.

आत सोबिबोर या पोलंडमधल्या मृत्युछावणीच्या जमिनीत सापडलेली दहा बटणं ठेवलीत. इथून 34,000 माणसं सोबिबोरला नेली, परतली 18. त्या काचेपाशी लहानांना घाई करू नका, पण समजावत बसायलाही नको.

अगदी धाकट्यांना आधी प्रतिकार संग्रहालयाच्या मुलांच्या विभागात न्या. तिथे एफा, यान, नेली आणि हेंक या चार खऱ्या मुलांची घरं उभी केलीत. एफा ज्यू, यानच्या घरचे प्रतिकारात, हेंकचं घर चारचौघांसारखं. नेलीचे आईवडील मात्र नाझींच्या बाजूचे, आणि मला तिचंच घर सगळ्यात मोलाचं वाटतं. शत्रूच्या घरातही गृहपाठ न केल्याबद्दल बोलणी बसत असतील, हे मुलांना तिथेच पहिल्यांदा सुचतं.

मोठ्यांसाठी मुख्य भाग: रेशनची कुपनं, ज्यूंच्या धरपकडीविरुद्धचा 1941 चा फेब्रुवारी संप, 1944-45 चा भूक-हिवाळा. तेव्हा लोकांनी ट्युलिपचे कंद शिजवून खाल्ले, जळणासाठी ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपटले. वीस हजारांवर माणसं गेली.

प्रेषक: श्रीकांतकाका

रेखा, आमची आई कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीच्या गोष्टी सांगायची. तेही यातलेच का?

प्रेषक: रेखाताई

नाही काका, तो वेगळा धागा. वळिवड्याचे बहुतेक लोक कॅथलिक पोलिश. 1940-41 मध्ये स्टालिनने त्यांना पूर्व पोलंडमधून हाकललं, ते इराणमार्गे आले आणि 1943 ते 48 तिथे राहिले. युद्ध एकच, पण छळणारा दुसरा. इथे त्याचा शोध घेऊ नका. ट्राममध्ये तुमच्या आईंच्या गोष्टी मात्र सांगा, वेळ भरपूर आहे.

प्रेषक: सुजाता

ठरलं तर. दहापेक्षा लहान मुलं आणि त्यांचे पालक आधी प्रतिकार संग्रहालयात, बाकीचे होलोकॉस्ट संग्रहालयात. मधे जेवण, मग अदलाबदल. डबे आर्टिसप्लाइनवर उघडू. वेर्थहाइम पार्कात नको, तिथे आउशविट्झचं स्मारक आहे. इतिहास ऐकायला इंग्रजी ऑडिओ असतो, आईबाबांसाठी मराठीत सांगायला रेखाताई सोबत आहेत.

आणि मिलिंद, आल्कमारचा चीज बाजार शुक्रवारी भरतो.