सोसायटीची सहल: हंपी सायकलवरून पाहावी की मिनीबसमधून?

सचिव, ए-१०१: सर्व सभासदांना नमस्कार. हिवाळ्यातील सहलीसाठी होसपेटपर्यंत रेल्वेने जाण्याचे ठरले आहे. हंपीत दोन दिवस फिरण्यासाठी मिनीबस घ्यावी की भाड्याच्या सायकली, याविषयी आपापले मत कळवावे.

ए-३०४ (काका): माझे मत मिनीबसच्या बाजूने आहे. स्थळे दूरदूर विखुरलेली आहेत आणि आपल्यापैकी निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत. सायकलींच्या नादात अर्धे पाहायचे राहून जाईल.

बी-४०२: काका, आपली काळजी रास्त आहे, तरीही मी सायकलींचाच आग्रह धरेन. आम्ही दोघांनी हंपी पहिल्या दिवशी गाडीतून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तीच वाट सायकलने पुन्हा केली, म्हणून तुलना करून लिहीत आहे. गाडीतून उतरायचे, देऊळ पाहायचे, पुन्हा गाडीत बसायचे, असा पहिला दिवस गेला आणि संध्याकाळी कोणते शिल्प कोठे पाहिले हेसुद्धा धड आठवेना. १३३६ मध्ये वसलेली आणि १५६५ च्या लढाईनंतर ओस पडलेली विजयनगर साम्राज्याची ही एवढी मोठी राजधानी जगत कशी होती, हे मला दुसऱ्या दिवशी दोन स्थळांच्या मधल्या रस्त्यावर कळले, आणि ते कळले पाण्यामुळे.

विरूपाक्ष मंदिराकडून कमलापूरच्या दिशेने निघाले की आधी हेमकूट टेकडीलगतचा चढ लागतो. तेथे उतरून सायकल सरळ हातात धरावी, त्यात कमीपणा नाही. पुढे कृष्ण मंदिरानंतर केळीच्या बागा सुरू होतात आणि हवेत एकदम गारवा जाणवतो. विजयनगरच्या काळात खोदलेल्या कालव्यांपैकी काही अजून वाहतात आणि येथील शेती त्यांच्यावर पिकते. १५२८ मधील उग्र नरसिंहाची अखंड शिळेतील मूर्ती पाहायला सगळेच थांबतात, पण तिच्या शेजारच्या बडवीलिंगापाशीही जरा वेळ काढावा. सुमारे तीन मीटर उंचीचे हे शिवलिंग पाण्यात उभे आहे, कारण कालव्याचे पाणी गाभाऱ्यातूनच खेळवलेले आहे. आदल्या दिवशी गाडीच्या घाईत मी ते साचलेले पाणी समजले होते.

तेच सूत्र धरून राजवाड्याच्या परिसरात गेलात, तर दगडी खांबांवर पेललेली पन्हळ दिसेल. तिच्या कडेने चालत गेले की उत्खननात सापडलेली काळ्या दगडाची पायऱ्यांची पुष्करणी येते. पायऱ्यांच्या दगडांवर खुणेची अक्षरे कोरलेली आहेत. कोणता दगड कोणत्या बाजूला आणि कोणत्या ओळीत बसवायचा, हे गवंड्याला कळावे म्हणून. मी एका अक्षरावरून बोट फिरवून पाहिले, तेव्हा त्या अनाम कारागिराविषयी जो आदर वाटला, तो महानवमी दिब्बा या उंच दगडी चौथऱ्यावर उभे राहूनही वाटला नव्हता. विजयनगरचा राजा कृष्णदेवराय याच्या काळात आलेल्या डोमिंगो पाइश या पोर्तुगीज प्रवाशाने नव्या तलावाच्या कामावर हजारो माणसे मुंग्यांसारखी राबताना पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. त्या वर्णनाचा अर्थ मला तेथे लागला.

सी-२०१ (ताई): माझी मुलगी दहा वर्षांची आहे. तिला हे झेपेल का?

बी-४०२: ताई, विरूपाक्ष ते कमलापूर हे अंतर चार-पाच किलोमीटरच आहे आणि तो चढ सोडला तर वाट सोपी आहे. मात्र सायकल घेताना दोन्ही ब्रेक उतारावर तपासून घ्यावेत, सीटची उंची तेथेच जुळवून घ्यावी आणि हवा भरण्याचा पंप सोबत ठेवावा. मी शेताच्या बांधाची जवळची वाट धरली आणि बाभळीच्या काट्याने पंक्चर झाल्यामुळे भर उन्हात दोन किलोमीटर सायकल ढकलत आणली. मुलांना डांबरी रस्ता सोडू देऊ नये. सकाळी लवकर निघून अकरापर्यंत सावली गाठावी.

ए-३०४ (काका): पाण्याचा मुद्दा मला पटला. माझी ओढ मात्र विठ्ठल मंदिराकडे आहे. कृष्णदेवरायाने नेलेली विठ्ठलमूर्ती एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तेथून पंढरीला परत आणली, ही कथा मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो आहे. त्या मंदिराचा गाभारा आज रिकामा आहे. तो एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढीच इच्छा आहे.

बी-४०२: काका, ते मंदिर आपण दुसऱ्या दिवशी सर्वांनी मिळून पाहू. खासगी वाहने मंदिरापासून काही अंतरावरच थांबवतात आणि पुढे बॅटरीवर चालणारी गाडी मिळते, त्यामुळे आपल्याला चालावे लागणार नाही. माझी सूचना एवढीच की पहिल्या दिवशी ज्येष्ठांनी मिनीबसने आणि बाकीच्यांनी सायकलने एकाच मार्गाने जावे. सुरुवात कमलापूरच्या संग्रहालयापासून करावी, कारण तेथे संपूर्ण परिसराची मोठी प्रतिकृती आहे आणि ती पाहिल्यावर नदी, टेकड्या आणि रस्ते डोक्यात पक्के बसतात. संग्रहालय शुक्रवारी बंद असते.

सचिव, ए-१०१: तर मग शनिवार आणि रविवार निश्चित करतो. ज्यांना सायकल हवी आहे, त्यांनी आपली उंची आणि मुलांचे वय आज रात्रीपर्यंत येथेच लिहावे, म्हणजे त्या मापाच्या सायकली आधीच सांगून ठेवता येतील.

ए-३०४ (काका): माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. पहिल्या दिवशी बडवीलिंगापर्यंत मी सायकलने येईन, पुढे बसमध्ये बसेन.