युद्ध संपल्यावर परक्या देशात कायमचा तळ ठेवणं बरोबर का?

घोडबंदरकर: काल ठाणे-वाशी लोकलमध्ये आमच्या ग्रुपात यावरून जाम वाजलं. एकजण म्हणतो अमेरिकेने जिथे युद्धानंतर सैन्य ठेवलं तिथे शांतता टिकली, जर्मनी जपान कोरिया बघ, आणि जिथून निघाली तिथे वाट लागली, इराकमधून डिसेंबर २०११ ला बाहेर आणि जून २०१४ ला मोसुल आयसिसच्या हातात. मला पटलं नाही पण ऐरोली गेलं घणसोली गेलं तरी उत्तर सुचेना. कोणी सांगेल का?

ऐरोली_सेक्टर८: तुमच्या मित्राचं बरोबर आहे की. कोरियात १९५३ ला फक्त युद्धविराम झाला, शांतता करार आजवर नाही. तिथे साधारण साडेअठ्ठावीस हजार अमेरिकन सैनिक आहेत, म्हणजे उत्तरेने हल्ला केला तर पहिल्याच दिवशी अमेरिकेशी पंगा, हे त्यांना पक्कं माहितीये. उलट फिलिपिन्स बघा. १९९१ ला त्यांच्या सिनेटने अमेरिकी तळांना नाही म्हटलं, १९९२ ला सुबिकचा नौदल तळ रिकामा, १९९५ ला चीन फिलिपिन्स आपलं म्हणतो त्या समुद्रातल्या मिस्चीफ रीफ या खडकावर येऊन बसला! शेवटी २०१४ ला करार करून अमेरिकनांना परत बोलावलंच ना.

तलावपाळी_कट्टा: अहो शाळेत तैनाती फौज शिकलात ना? वसई इथून किती लांब आहे. होळकरांच्या भीतीने दुसऱ्या बाजीरावाने १८०२ ला तिथे तह केला, इंग्रजांची सहा हजारांची फौज आणि तिच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख. १८१८ ला पेशवाईच गेली. तीपण बोलावूनच आणलेली बरं का. आणि जपानचं कौतुक करताना ओकिनावाच्या लोकांना विचारा, देशाच्या जेमतेम ०.६ टक्के जमीन त्यांची आणि जपानातल्या अमेरिकी तळांची सत्तरेक टक्के जागा त्यांच्याच डोक्यावर.

घोडबंदरकर: पण काका, जपानला कोणी गिळलं नाही ना, मग फरक काय?

कोपरखैरणे_रिटायर्ड: माझ्या मते शत्रू कुठे आहे ते बघायचं. कोरियात तो सीमेपलीकडे आहे, तिथे तळ चालतो. इराकात भांडण घरातलं, तिथे बाहेरचा शिपाई कितीही वर्षं बसवा, तोच भांडणातला एक पक्ष होतो. आपण श्रीलंकेत हेच भोगलं, १९८७ ला शांतिसेना गेली, ज्या तमिळांना वाचवायला गेलो त्यांच्यातल्याच तमिळ वाघांशी (एलटीटीई) लढलो, हजाराच्या वर जवान गेले आणि १९९० ला परत. बांगलादेशातून मात्र मार्च १९७२ ला निघालो ते शहाणपण. आणि इराकचं म्हणाल तर निघायची तारीख २००८ च्या करारातच होती, पुढे थांबायचं तर सैनिकांवर तिथल्या कोर्टात खटले नकोत ही अमेरिकेची अट, ती काही इराकने मानली नाही. मग राहणार कसे, जबरदस्तीने?

घोडबंदरकर: हे भारी आहे, उद्या ट्रेनमध्ये हेच टाकतो. फक्त तैनाती फौजेचं नाव काढलं की तो भडकणार, पुण्याचा आहे.