‘सामाईक विदा’ म्हणताना नेमके काय सामाईक असते?

प्रश्न : सार्वजनिक आरोग्य परिचर्येतील संशोधनासाठी अनेक संस्थांच्या नोंदी एकत्र आणणाऱ्या व्यवस्थेवर मी लेख लिहीत आहे. ‘शेअर्ड डेटा’साठी ‘सामाईक माहिती’ योग्य की ‘सामाईक विदा’?

उत्तर : ‘माहिती’ टाळावी, कारण शेजाऱ्याने सहज सांगितलेली गोष्टही माहितीच असते, मोजता-पडताळता येतील अशा नोंदींच्या साठ्याला ‘विदा’ अधिक नेमका वाटतो. (मी तो पुल्लिंगी वापरतो.)

खरी अडचण ‘सामाईक’ची आहे. भाऊबंदांची सामाईक विहीर म्हटली की वाटेकरी अनेक असले, तरी पाणी एकच असते. दहा कार्यालयांच्या नोंदी एका विदागारात ओतल्या म्हणून त्यांचे तसे एक पाणी होत नाही. समजा, ‘गृहभेट’ या रकान्यात एक परिचारिका दाराला कुलूप होते तरी एक भेट लिहिते आणि दुसरी बाळंतिणीशी प्रत्यक्ष बोलणे झाले तरच लिहिते. मग या दोन आकड्यांची बेरीज करून भेटींचा बाळांच्या वजनावर काय परिणाम झाला, हे कोणता संशोधक सांगू शकेल?

म्हणून आधी शब्दांचे अर्थ सामाईक व्हावे लागतात. अमेरिकेतील ओमाहा शहरात घरोघरी जाणाऱ्या परिचारिकांच्या संस्थेने १९७०च्या दशकापासून घडवलेल्या ‘ओमाहा सिस्टिम’मध्ये नेमके हेच केले आहे : तिच्यात ४२ समस्यांना ठरलेली नावे व व्याख्या आहेत, आणि प्रत्येक समस्येबाबत त्या माणसाची जाण, वर्तन व स्थिती यांना १ ते ५ गुण दिले जातात. स्तनदा मातेची जाण २ वरून ४ वर गेली, ही नोंद दुसऱ्या गावच्या परिचारिकेलाही त्याच अर्थाने वाचता येते, आणि परिचारिकेच्या समजावण्याला आलेले फळ, जे एरवी कागदावर कुठेच उमटत नाही, ते दिसू लागते. हॅरिएट वर्ली आणि नॉर्मा लँग या अमेरिकी परिचर्या-संशोधकांच्या पुढाकाराने १९८०च्या दशकात आकाराला आलेल्या परिचर्या-विदासंचामागेही, म्हणजे सर्वत्र सारख्याच व्याख्येने नोंदवायच्या १६ किमान घटकांच्या यादीमागेही, हाच आग्रह होता.

तेव्हा शीर्षकात ‘सामाईक विदा’ खुशाल ठेवा. मात्र लेखात तो पहिल्यांदा येईल तेथे ‘समान व्याख्यांनुसार नोंदलेला सामाईक विदा’ असे पूर्ण लिहावे. केवळ ‘एकत्रित विदा’ लिहू नये, कारण व्याख्या न जुळवताही नोंदी एकत्र करता येतात.