निळी रेषा मुंबईत का नको?

नदीकाठ (धागाकर्ता)
काल पावसाच्या धाग्यावर एकाने लिहिलं, 'पूररेषा ही कोल्हापूर-पुण्याची भानगड, मुंबईत पंप बसवले की झालं.' वाचून डोकं सणकलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतल्या पुराची लाल. निळीच्या आत बांधकाम नाही, दोन्हींच्या मधे अटी घालून. बदलापुरात घर घेणारा माणूससुद्धा आता हे विचारतो. आपल्याकडे मात्र महापालिका 'पाणी तुंबण्याची ठिकाणं' अशी यादी करते. यादीत नाव आलं की पंप येतो. पण त्याच गल्लीत तळघरात पार्किंग असलेला टॉवर उभा राहतोच. 'पूर' म्हटलं की बांधकामावर बंधन येतं, 'तुंबलं' म्हटलं की कुणावरच येत नाही. माझा सगळा राग या शब्दावर आहे.

कुर्लेकर७१
रेषा कुणाच्या घरावरून जाणार ते मी आत्ताच सांगतो. माझ्या. २००५ च्या २६ जुलैला आईला माळ्यावर बसवून आम्ही रात्र काढली. रेशनकार्डापासून बहिणीच्या लग्नाच्या भांड्यांपर्यंत सगळं गेलं. त्यामुळे पूर मला शिकवू नका. विमानतळाच्या धावपट्टीसाठी मिठी नदी वळवली, बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातली कार्यालयं खाडीकाठी भराव टाकून उभी केली. त्यांच्यावर रेषा मारायची कुणाची हिंमत आहे? नदीकाठी राहणारा गरीब तेवढा अतिक्रमणवाला!

परळची_माई
अहो, पण आमच्या हिंदमाताला नदी कुठाय? बशीसारखा भाग आहे. साडेचार मीटरच्या वर भरती असली की पाणी समुद्रात जाणार कसं? तिथे निळी रेषा कशावरून काढणार? मैदानाखाली टाक्या केल्यापासून पाणी लवकर उतरतं, हे मी स्वतः बघते. पंपांना इतकं नावं ठेवू नका.

नदीकाठ
माई, टाक्यांचा फायदा झाला, मान्य. पण ती बशी नकाशावर धोक्याची जागा म्हणून दाखवायला नदीच कशाला हवी? पाणी किती चढतं हे तुमच्या दुकानदारांना इंचात माहीत आहे.

गोरेगाव_तळमजला
इंचाचं निघालंच आहे तर ऐका. १९८४ ची आमची सोसायटी. तेव्हा रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आत यायचो, आता दोन उतरून जातो. जुना थर न खरवडता वर डांबर, मग त्यावर काँक्रीट. पूर आमच्याकडे आला नाही, आम्हाला खाली ढकललं.

परळची_माई
अगदी! आमच्या चाळीतही हेच. संडासातून पाणी उलटं येतं.

ठाकूरव्हिलेज
काँक्रीट नको तर खड्डे हवेत का? दोन्हीकडून बोलायचं!

गोरेगाव_तळमजला
खड्डे नकोत, जुन्या उंचीवर रस्ता हवा. दर पावसाळ्यात आजारी वडिलांना खुर्चीत उचलून पहिल्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे न्यावं लागतं. तुम्ही चौदाव्या मजल्यावरून बोलताय.

ठाकूरव्हिलेज
मजला काढायचं कारण नव्हतं. वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण विषय पूररेषेचा होता.

गोरेगाव_तळमजला
हाच विषय आहे! रस्त्याची उंची बदलली की पाण्याची वाट बदलते. आज आखलेली रेषा दोन कंत्राटांनंतर खोटी ठरेल.

निवृत्त_स्थापत्य
हा मुद्दा खरा आहे, आणि नोकरीत असताना मी तो पुरेसा लावून धरला नाही. ताशी २५ मिमीसाठी बांधलेले नाले ५० मिमीला पुरतील असे करायचे, हे १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड, म्हणजे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याच्या अहवालापासून चाललंय. २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला, कुलाब्यात त्याच्या दहाव्या भागाइतकाही नाही. एकाच शहरात इतका फरक असेल तर एका नदीची एक रेषा पुरणार नाही. पाणलोटागणिक पाण्याची पातळी काढावी लागेल, रस्त्याची उंची तिला बांधावी लागेल. किनाऱ्याचं उदाहरण समोर आहे. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत धोका रेषा आहे, पण फक्त आपत्ती व्यवस्थापनाच्या नियोजनासाठी. बांधकामाला ती आडवी येत नाही. तसंच होणार असेल तर रेषा आखून उपयोग नाही.

नदीकाठ
पातळीचं पटलं. माझ्या डोक्यात नदीच जास्त होती. निदान घराच्या करारनाम्यात लिहा, या जागेवर २००५ ला किती पाणी होतं.

कुर्लेकर७१
ते लिहा. बिल्डरला लिहायला लावा, मग बघू. रेषेलाही मी नाही म्हणत नाही, पण सुरुवात बीकेसीपासून करा. आणि माझं घर उठवायचं असेल तर याच वॉर्डात दुसरं द्या. तानसाच्या पाण्याच्या पाइपलाइनवरच्या लोकांना रिफायनऱ्यांशेजारी माहुलला पाठवलं, तिथल्या हवेत त्यांचे काय हाल झाले ते आम्ही विसरलेलो नाही. यंदाही भरतीचं वेळापत्रक दाराला चिकटवलंय आणि कागदपत्रं माळ्यावर ठेवलीत.