घरी गिटार रेकॉर्डिंग: आधी लॅपटॉप बदलू की इंटरफेस घेऊ?

नवी_तार

जाणकारांनो, खरेदीआधी सल्ला हवाय: नवा लॅपटॉप घेऊ की ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार-माइकचा आवाज यूएसबीने लॅपटॉपमध्ये नेणारा डबा?

रेकॉर्ड करायचंय ते इतकंच: एक इलेक्ट्रिक गिटार (तीन सिंगल कॉइल पिकअप), पिकअप बसवलेली एक अकूस्टिक, मागे सॉफ्टवेअरचे ड्रम आणि बेस. एका गाण्यात फार तर आठ-दहा ट्रॅक. लॅपटॉप जुना आहे. चार कोअरचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. गिटारच्या पाव इंची पिनेला कन्व्हर्टर लावून ती लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालतो आणि अ‍ॅम्प सिममधून (अ‍ॅम्पची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) वाजवतो.

तक्रारी तीन. आवाज दबका येतो, स्पीकरवर गोधडी टाकल्यासारखा. तार छेडली की आवाज उशिरा येतो. आणि घूं सतत चालू.

आय नाइनवाला गेमिंग लॅपटॉप घेतला तर हे सुटेल का? घरी १० वॅटचा ट्यूब अ‍ॅम्पही आहे. त्याच्यासमोर माइक लावणं चांगलं की थेट वायर?

खर्ज_षड्ज

लॅपटॉपची खरेदी थांबवा. तिन्ही तक्रारींत प्रोसेसरचा दोष नाही. आय नाइनच्या माइकच्या भोकातही गिटार अशीच दबकी वाजेल.

पॅसिव्ह पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढे घातलेली बारीक तार. ती ज्यात घालाल त्या इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) भरपूर हवा, साधारण १ मेगाओहम. लॅपटॉपचं माइकचं भोक जेमतेम काही किलोओहमचं, शिवाय ते माइकसाठी स्वतःहून थोडे व्होल्ट बाहेर सोडत असतं. इतक्या कमी इम्पीडन्सवर वरची फ्रिक्वेन्सी पिकअपमध्येच अडते. नंतर इक्वलायझरने ट्रेबल चढवून ती परत येत नाही, खरखर तेवढी वर येते.

इंटरफेस घेतल्यावरही हाच घोळ होऊ शकतो, म्हणून आत्ताच सांगतो. बऱ्याच इंटरफेसच्या पुढच्या बाजूला 'इन्स्ट' किंवा 'हाय-झी' असं बटण असतं. ते दाबायचं राहिलं तर गिटार लाइन इनपुटला लागते आणि पुन्हा तीच गोधडी. अकूस्टिकमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर आत प्रीअ‍ॅम्प आहे, ती कशालाही चालते. फक्त तिचा सिग्नल जोरात असतो, म्हणून गेन (इनपुट किती वाढवायचं त्याचा नॉब) शून्यापासून वर न्या. बॅटरीशिवायचा पिएझो पिकअप मात्र १ मेगाओहमच्या खाली किरटा वाजतो, त्याचा खालचा भाग गळतो.

आता उशीर. विंडोज सगळा आवाज आपल्या मिक्सरमधून फिरवून आणतं. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली एएसआयओ ही ड्रायव्हरची पद्धत हा वळसा टाळते. म्हणून इंटरफेस घेताना पहिला प्रश्न हा, की कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर आहे का? 'एएसआयओ फॉर ऑल' म्हणजे विंडोजच्याच ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा, तात्पुरती सोय. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असतो, तिथे हा प्रश्न येत नाही.

हिशेब सोपा आहे. बफर (एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल आणि सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ असेल तर १२८ भागिले ४८, म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाऊन-येऊन ५.३. कन्व्हर्टर आणि यूएसबीचा वाटा धरला की खरी फेरी ८ ते १० च्या घरात जाते. हवेत आवाज १ मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे अ‍ॅम्प तीन मीटरवर ठेवून वाजवण्यासारखंच झालं. बोटांना खटकत नाही. बफर ५१२ केला की नुसत्या बफरचेच २१ मिलिसेकंद होतात आणि तालात वाजवणं अवघड जातं. वाजवताना ६४ किंवा १२८ ठेवा, मिक्स करताना खुशाल ५१२ किंवा १०२४.

दोन इनपुटचा इंटरफेस पुरे. मात्र डबा उघडण्याआधी सॉकेट मोजा. स्कार्लेट सोलो किंवा ऑडियंट आयडी४ मध्ये माइकचं सॉकेट एकच असतं, स्कार्लेट टूआयटू किंवा मोटू एम२ मध्ये दोन. पुढेमागे अकूस्टिकवर दोन माइक लावायचा विचार असेल तर दुसरी जोडी बघा. ब्लूटूथ हेडफोन या कामाला बाद, त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पलीकडे जातो. वायरचा बंद कपांचा हेडफोन घ्या, म्हणजे क्लिकचा (तालाच्या ठोक्यांचा) आवाज माइकमध्ये गळणार नाही.

तबकडी

खर्ज यांना +१. लॅपटॉपबद्दल माझी भर.

आहे त्यातली फिरती डिस्क काढून एसएसडी टाका आणि रॅम १६ जीबी करा (आधी तळ उघडून बघा, काही मॉडेलांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते). रेकॉर्डिंगला स्वतःला वेगवान डिस्क लागत नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६ एमबी, तासाला साधारण ५२० एमबी. आठ ट्रॅक एकदम वाजले तरी फिरती डिस्क पुरून उरते. तिचा दम लागतो तो ड्रमच्या सॅम्पल लायब्ररीत, कारण शेकडो लहान फायली एकदम मागितल्या जातात. रॅमही तिथेच खाल्ली जाते.

त्यानंतर लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर आवाज अडवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) दहा मिनिटं चालवा. पट्टी लाल झाली तर ड्रायव्हरच्या यादीत वरचं नाव बघा. एनडीआयएस (नेटवर्कचा ड्रायव्हर) असेल तर वाय-फाय बंद करून पुन्हा चालवा. एसीपीआय असेल तर दोष पॉवर व्यवस्थापनात आहे: पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर न्या, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. सॉफ्टवेअरमधला प्रोसेसरचा मीटर ३० टक्क्यांवर असताना तडतड येत असेल तर कारण जवळजवळ नेहमी यातलंच निघतं. प्रोसेसरला उगीच शिव्या बसतात. आणखी एक: प्रोजेक्टचं फोल्डर आपोआप क्लाउडवर चढणाऱ्या जागी ठेवू नका. रेकॉर्डिंग चालू असतानाच ती फाइल वर चढवायला घेतली जाते.

एवढं करूनही नवाच घ्यायचा ठरला तर कोअरच्या संख्येवर भाळू नका. एका ट्रॅकवरची अ‍ॅम्प सिम, कॅबिनेट, रिव्हर्ब ही साखळी एकामागोमाग चालते, म्हणून ती एका कोअरवरच पडते. त्या एका कोअरचा वेग महत्त्वाचा. गेमिंग लॅपटॉपचा पंखा दोन फुटांवरच्या कंडेन्सर माइकला स्वच्छ ऐकू येतो, हेही लक्षात असू द्या. स्नॅपड्रॅगनवाला विंडोज लॅपटॉप घेण्याआधी इंटरफेसच्या कंपनीने एआरएमसाठी ड्रायव्हर दिलाय का ते तपासा. साधी सॉफ्टवेअरं तिथे अनुकरणाने चालून जातात, ड्रायव्हर चालत नाही.

यूएसबी-सी हा पिनेचा आकार आहे, वेग नव्हे. दोन चॅनलला यूएसबी २.० सुद्धा भरपूर. फक्त इंटरफेस हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा.

ओली_सोल्डर

घूं आणि माइक, दोन्हीवर लिहितो.

घूं दोन जातींची असते. खुर्चीत बसल्या बसल्या गिटार हळूहळू गोल फिरवा. एका दिशेला घूं जवळजवळ मरत असेल तर ती सिंगल कॉइलने हवेतून पकडलेली आहे. चार्जर, डिमर, ट्रान्सफॉर्मर यांपासून मीटरभर लांब बसा आणि ज्या दिशेला ती मरते त्याच दिशेला तोंड करून टेक घ्या. पिकअप निवडायच्या स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या जागीही ती बरीच कमी होते, मात्र मधला पिकअप उलट वेढ्यांचा असायला हवा.

दुसरी जात म्हणजे बारीक किरकिर, माउस हलवला की बदलणारी. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका. गेली तर ती चार्जरमधून किंवा अर्थच्या चकरेतून येत होती. लॅपटॉप, अ‍ॅम्प, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. घाईचा टेक असेल तर बॅटरीवरच घ्या. अर्थची पिन मोडून किरकिर घालवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. घूं जाईल, पण बिघाड झाला की करंट गिटारच्या तारांवर येऊ शकतो.

ट्यूब अ‍ॅम्प आहे तर माइक लावाच, पण त्याचं स्पीकर आउट कधीही इंटरफेसला जोडू नका. तो सिग्नल इंटरफेस जाळू शकतो. आणि स्पीकर काढून अ‍ॅम्प नुसता चालू ठेवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. स्पीकर जागेवर असू द्या किंवा स्पीकरऐवजी वीज झेलणारा लोड बॉक्स लावा.

माइक डायनॅमिक घ्या. शूअर एसएम५७ १९६५ पासून याच कामाला जुंपलेला आहे. जाळीवर टॉर्च मारली की आतला कोन दिसतो. मधली गोल टोपी जिथे संपते आणि कागद सुरू होतो, त्या कडेसमोर माइक जाळीपासून २-३ सेंटिमीटरवर धरा. टोपीच्या मध्याकडे सरकवलात तर आवाज कानाला टोचतो, काठाकडे नेलात तर मऊ होतो. एका बोटाच्या रुंदीने फरक ऐकू येतो, म्हणून आधी माइक हलवा, इक्वलायझरला नंतर हात घाला.

अकूस्टिकसाठी कंडेन्सर माइक १२ व्या पडदीसमोर २०-३० सेंटिमीटरवर. भोकासमोर ठेवला की खालचा भाग ढुम्म होतो. कंडेन्सरला लागणारे ४८ व्होल्ट चालू करताना हेडफोन कानावरून काढा.

अ‍ॅम्पला माइक लावला असेल तर सॉफ्टवेअरमधलं कॅबिनेट बंद करायला विसरू नका. स्पीकरमधून आलेल्या आवाजाला पुन्हा स्पीकरमध्ये घातलं की परत गोधडी.

नवी_तार

सगळ्यांचे आभार. इंटरफेस आणि एसएसडी, लॅपटॉप तोच. दोन शंका उरल्या. गेन किती ठेवायचा? आणि मित्राचा इंटरफेस लावून बघितला तर हेडफोनमध्ये प्रत्येक सूर दोनदा ऐकू येतो, शिवाय रेकॉर्ड झालेली गिटार ड्रमच्या किंचित मागे पडते.

खर्ज_षड्ज

गेन: ज्या भागात सगळ्यात जोरात वाजवणार, तोच वाजवा आणि शिखर -१२ ते -१० डीबीच्या दरम्यान आणा. २४ बिटमध्ये जागा मुबलक आहे, शून्याला चिकटवण्याचा आटापिटा नको. इनपुटवर फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. पण अ‍ॅम्प सिमला सिग्नल किती जोरात मिळतो त्यावर डिस्टॉर्शन ठरतं. म्हणून एकदा जमलं की नॉबची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवा.

सूर दोनदा येतोय कारण डायरेक्ट मॉनिटर चालू आहे. कोरी गिटार इंटरफेसमधून लगेच येते आणि अ‍ॅम्प सिममधली मागून. सिम लावून वाजवताना ते बटण बंद ठेवा. अकूस्टिकला सिम लागत नाही, तेव्हा उलट करा: बटण चालू, सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद. मग बफर कितीही असला तरी उशीर जाणवत नाही.

मागे पडण्याचं मोजून काढा. इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये वायर घाला, त्या इनपुटचं मॉनिटरिंग बंद करा (नाहीतर आवाज गोल फिरून किंचाळेल) आणि 'इन्स्ट' बटणही सोडवा. एका ट्रॅकवर क्लिकची फाइल वाजवा, दुसऱ्यावर ती रेकॉर्ड करा. लहरी पूर्ण झूम करून दोन शिखरांमधलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. सॉफ्टवेअर ड्रायव्हरने सांगितलेला उशीर आपणहून वजा करतं, उरतं ते ड्रायव्हरने न सांगितलेलं. समजा ९६ सॅम्पल उरले, तर ४८ किलोहर्ट्झला २ मिलिसेकंद. हा आकडा रेकॉर्डिंगच्या ऑफसेटमध्ये टाका. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तो ऑडिओच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगखाली 'मॅन्युअल ऑफसेट' नावाने सापडेल. टाकल्यावर तीच चाचणी पुन्हा करा. अंतर दुप्पट झालं तर चिन्ह उलटं पडलंय.

ओली_सोल्डर

गिटारच्या वायरची लांबीही बघा, मित्राकडची दहा मीटरची असेल तर नको. लांब वायरची कपॅसिटन्स वाढते आणि ट्रेबल तिथेही गळतो. गिटारला तीन मीटर पुरे.

आणि तारांना हात लावल्यावर घूं कमी होत असेल तर काळजी नको, तारा ब्रिजमधून ग्राउंडला जोडलेल्या असतात. हात लावल्यावर वाढत असेल तर सॉकेटची ग्राउंडची वायर सुटली आहे किंवा दोन टोकं उलटी लागली आहेत. चिमटा बसल्यासारखं लागलं तर मात्र लगेच बंद करा आणि आधी घराचं अर्थिंग तपासून घ्या.