रि: रि: हेराल्डचं ट्रनियन, आणि शुक्रवारी कोण निघतंय?

प्रेषक: शाहूपुरी

इंग्लंडातली कोल्हापूरकर मंडळी, घाईत लिहितोय. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमधून आज फोटो आले. आण्णांच्या स्टँडर्ड हेराल्डची पुढची दोन्ही चाकं उतरवलीत. डावीकडचं ट्रनियन (चाकाच्या खालच्या सांध्याचा आट्यांचा तुकडा) हातानं हलतंय, आणि व्हर्टिकल लिंकच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या उभ्या दांड्याच्या, खालच्या आट्यांवर गंजाचे खड्डे आहेत, नख अडकतं. २०१९ च्या पुरात गाडी किती दिवस पाण्यात होती ते सगळ्यांना माहीत आहेच. मिस्त्रींचं म्हणणं, लिंक तशीच ठेवू, ट्रनियन गनमेटलमधून (ब्रॉन्झचाच एक प्रकार) लेथवर करून देतो आणि ग्रीस गच्च भरतो. तिथंच करून घ्यावं, की इथून इंग्लंडहून पाठवावं? शुक्रवारच्या विमानानं जाणाऱ्यांपैकी कुणाच्या बॅगेत जागा आहे?

प्रेषक: कॉव्हेंट्री

लिंक ठेवू नका. ट्रनियन दुय्यम आहे, खरा धोका लिंकचा.

हेराल्डला वर बॉल जॉइंट आणि खाली ब्रॉन्झचं ट्रनियन. स्टिअरिंग वळवलं की पोलादी लिंक त्या ट्रनियनमध्ये स्क्रूसारखी फिरते. स्प्रिंग खालच्या विशबोनवर (चाकाला गाडीशी जोडणारा त्रिकोणी हात) टेकलेली असते, म्हणजे त्या कोपऱ्याचं सगळं वजन त्या आट्यांतूनच चाकाला जातं. गंजाचा खड्डा ही तडा सुरू व्हायची जागा. एक दिवस लिंक आट्यांतच तुटते, आणि तीही बहुधा कमी वेगात, पूर्ण वळण घेताना किंवा पार्किंग करताना. चाक आडवं पडतं. हे गगनबावड्याच्या घाटात झालं तर काय, ते सांगायला नको.

जोडी नवीन घ्या, दोन्ही बाजूंची. मिळायला अडचण नाही. स्टँडर्ड हेराल्ड म्हणजे ट्रायम्फ हेराल्डच. हीच घडण ट्रायम्फच्या स्पिटफायर, व्हिटेस, जीटी६ या गाड्यांना होती आणि लोटसनंही आपल्या एलान गाडीसाठी ट्रायम्फचीच लिंक उचलली, त्यामुळे सुटे भाग अजून नवे बनतात. स्पिटफायरचं म्हणून विकतात ते ट्रनियन हेराल्डला बसतं. स्टब अ‍ॅक्सल (चाक ज्यावर फिरतं तो छोटा दांडा) मात्र व्हिटेस आणि जीटी६चा जाड असतो, तो चुकून मागवू नका. आधी जुन्याचं माप घ्या.

आणि ग्रीस भरू नका. तिथं तेल लागतं, ईपी ९०, म्हणजे गिअरचं जाड तेल.

प्रेषक: मंगळवार पेठ

दाजी, उद्यमनगरातल्या लेथवर काय होत नाही ते सांगा. पंपाच्या शाफ्टपासून साखर कारखान्याच्या रोलरपर्यंत सगळं तिथंच होतं, आणि एक ट्रनियन इंग्लंडहून? भावा, पोस्टेजच्या पैशात चार होतील.

तेलाचंही पटत नाही. तेल गळून जातं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर चाकाखालून पाण्याचा मारा असतो. ग्रीस पाणी अडवतं, तेल अडवत नाही. ग्रीस गन लावायचं निपल दिलंय ते काय शोभेला?

प्रेषक: कॉव्हेंट्री

निपल आहे म्हणून ग्रीस, हाच घोळ साठ वर्षं चालू आहे. ट्रायम्फच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये त्या निपलमधून हायपॉइड तेल, म्हणजे हेच गिअरचं तेल, भरायला सांगितलंय, ६,००० मैलांनी. निपल फक्त आत जायची वाट आहे.

ग्रीस का नको, तर आट्यांमधली फट अगदी बारीक. वजनाखाली ग्रीस दाबून बाहेर जातं आणि परत त्या फटीत येत नाही. त्यातलं तेल निथळून गेलं की ग्रीसमधल्या साबणाचा सुका थर उरतो. तोच वाट बंद करतो. मग वरच्या आट्यांपर्यंत काही पोचत नाही, आणि पाणी वरच्याच सीलमधून शिरतं. बाहेरून बघावं तर ग्रीस दिसतंय, मिस्त्री खूश, आत आटे कोरडे. तेल त्या फटीत आपसूक ओढलं जातं. पावसाळ्याची एवढी काळजी असेल तर पावसाआधी एकदा आणि नंतर एकदा भरा, ६,००० मैलांची वाट कशाला बघता?

गळण्याचं म्हणाल तर वरून थोडं ओघळलं तर ते चांगलंच, घाण बाहेर येते. खालून थेंब पडत असेल तर ट्रनियनच्या तळाची चकती सैल आहे. ती चकती साफ करून इपॉक्सीनं बंद करा. नव्या ट्रनियनचीही चकती बसवण्यापूर्वी तपासा. आत तेल भरून रात्रभर कागदावर उभं ठेवलं की कळतं.

प्रेषक: राजारामपुरी

आमच्या इथल्या मॉरिस मायनर क्लबात तर सगळे ग्रीसच भरतात हो, आणि कंपनीनंही तेच सांगितलंय. तिलाही पुढं आट्यांचंच ट्रनियन. दोन ब्रिटिश गाड्या, दोन नियम?

प्रेषक: कॉव्हेंट्री

हो, दोन नियम. मायनरला वर आणि खाली दोन्हीकडे आट्यांची ट्रनियन आहेत आणि ती ग्रीससाठीच घडवली आहेत. पण मायनरवालेही ग्रीस भरायचा कंटाळा करतात तेव्हा तिचंही चाक असंच आडवं पडतं. मायनरचा सल्ला हेराल्डला लावू नका, एवढंच.

प्रेषक: सचिव

नम्र विनंती: ही मेल-यादी दिवाळी फराळाच्या नोंदणीसाठी आहे. अजून निम्म्यांनी चकली की शेव ते कळवलेलं नाही. गाडीचा विषय वेगळ्या शीर्षकाखाली चालू ठेवावा.

प्रेषक: मंगळवार पेठ

चकली. आणि सचिवसाहेब, गाडी आण्णांची आहे, मंडळाच्या पहिल्या गणपतीला मूर्ती कोणी आणली ते आठवा.

दाजी, तेलाचं मान्य करतो. लेथचं नाही. गनमेटलची सळी कुठंही मिळते. अडचण काय आहे ते नेमकं सांगा.

प्रेषक: शिरोली एमआयडीसी

ही बाजू मी सांगतो. ट्रनियन उद्यमनगरात होईल, पण तीन गोष्टी पाळल्या तरच.

पहिली: दोन्ही बाजूंचे आटे सारखे नसतात. एका बाजूला सुलटे, दुसऱ्या बाजूला उलटे. उलट्या आट्याचा त्या मापाचा टॅप दुकानात मिळणार नाही, लेथवर आतून कापावा लागेल. आट्याचा कोन जरा बदलला, तर बसताना घट्ट लागतं आणि चार दिवसांत सैल होतं. म्हणून नमुना जुन्या ट्रनियनवरून घेऊ नका, ते झिजलेलं आहे. नव्या लिंकवरून घ्या. म्हणजे नवी लिंक आधी हवीच.

दुसरी: लिंक मात्र अजिबात इथं बनवायची नाही. मूळ भाग फोर्जिंग आहे, म्हणजे तापवून ठोकून घडवलेला. आपला बहुतेक धंदा कास्टिंगचा, म्हणजे ओतकामाचा, आणि ग्रे आयर्नमध्ये कुणी हौसेनं ओतून दिली तर ती वाकणार नाही, थेट मोडेल. सळीतून मिलिंग करून देतो म्हणणारे भेटतील. नाही म्हणा. जुन्या लिंकच्या आट्यांवर वेल्डिंग भरून पुन्हा आटे पाडून देतो म्हणणारे तर नक्की भेटतील. त्यांना चहा पाजा आणि निघा.

तिसरी: उजव्या बाजूची जुनी लिंक बरी दिसते म्हणून ठेवायचा विचार असेल, तर आधी मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट करा. फाउंड्रीवाल्यांच्या टेस्टिंग लॅबमध्ये होते, शिरोलीतही, गोकुळ शिरगावातही. पोलादाला तडा दाखवणाऱ्या लाल डायपेक्षा ही बरी. पण चाचणीत तडा दिसला नाही तरी खड्डे असतील तर टाकूनच द्या. चाचणी आजचा तडा दाखवते, उद्याचा नाही.

खर्चाचा हिशेब केला तर लिंक मागवतच आहात, त्याच पुड्यात ट्रनियनची जोडी टाका. लेथवाल्याचे पैसे विशबोनच्या गंजलेल्या बोल्टांवर लागतीलच. ट्रनियनचा आतला आडवा बोल्ट स्टीलच्या स्लीव्हला असा धरतो की कापूनच काढावा लागतो. नवा घालताना कॉपर ग्रीस लावा. तिथं ग्रीस चालतं, दाजी रागावणार नाहीत.

प्रेषक: राजारामपुरी

ईपी ९० तेल कुठल्या दर्जाचं, जीएल-४ घ्यायचं की जीएल-५? जीएल-५ पितळ खातं असं ऐकलं.

प्रेषक: शिरोली एमआयडीसी

तो मुद्दा गिअरबॉक्सचा. जीएल-५ मधली गंधकाची रसायनं गरम झाल्यावर ब्रॉन्झच्या सिंक्रो रिंगवर परिणाम करू शकतात. ट्रनियन एवढं तापत नाही. तरी एकच डबा आणायचा तर जीएल-४ आणा, उरलेलं गिअरबॉक्सला होईल. ट्रॅक्टरच्या तेलाच्या दुकानात विचारा. इंग्लंडहून तेल पाठवायचा विचारही नको.

प्रेषक: शाहूपुरी

ठरलं. लिंक जोडी, ट्रनियन जोडी, नायलॉन बुश आणि सील. मिस्त्रींना बसवण्याचा क्रम कसा सांगू? ते मॅन्युअल वाचत नाहीत, आणि रागावतातही.

प्रेषक: कॉव्हेंट्री

असं सांगा. आधी सील लिंकवर चढवायचं, मग ट्रनियन हातानं पूर्ण आत फिरवायचं. घट्ट झालं की जोर करायचा नाही. तिथून मागं फिरवत बोल्टची भोकं विशबोनशी जुळतील तिथं थांबायचं, एका फेऱ्यापेक्षा जास्त नाही. तळाला टेकवून जोडलं तर पूर्ण वळणावर स्टिअरिंग अडकेल आणि त्याचा ताण लिंकवर येईल. जास्त सैल सोडलं तर पकडीत आटे कमी. हे मिस्त्रींना दोनदा सांगा.

विशबोनचे रबर बुश असलेले बोल्ट गाडी चाकांवर उभी केल्यावरच आवळायचे. जॅकवर असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

तेल भरताना चाक अधांतरी ठेवा, म्हणजे आट्यांवर भार नसतो. ग्रीस गन धुऊन त्यात तेल भरा, तोंड खाली धरा, नाहीतर गनमध्ये हवा येते. कुणीतरी स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. वरच्या सीलपाशी तेल दिसेपर्यंत पंप मारा.

प्रेषक: सचिव

शुक्रवारी मीच निघतोय, मुंबईमार्गे. बॅगेत दहा किलो जागा आहे. वस्तू नवी, कोरडी, बिलासह द्यावी. वापरलेला, तेल लागलेला भाग विमानात नेत नाहीत, तो चिकटवून पाठवू नये. पत्ता शाहूपुरीचा की उद्यमनगरचा, ते बुधवारपर्यंत. येताना रिकाम्या जागेत कांदा-लसूण चटणी येईल, त्याची मागणी वेगळ्या मेलमध्ये.

प्रेषक: मंगळवार पेठ

चटणी दोन किलो. तिखट.