विषय: येलोनाइफचं (उत्तर कॅनडा) घर – तेलाची टाकी कोणी भरायची? (अर्जंट)

प्रेषक: बाळू

मंडळी, लीज उद्या संध्याकाळपर्यंत सही करून पाठवायचीय म्हणून घाईत लिहितोय. फ्रेम लेक भागातलं ते घर (नानांनी बघितलेलं तेच) मिळतंय पण लीजमध्ये एक ओळ आहे की घर सोडताना हीटिंग ऑइलची टाकी फुल करून द्यायची. ताब्यात घेताना किती असेल याबद्दल चकार शब्द नाही. मालकाला विचारलं तर म्हणतो अर्धी असेल, बघू. तेलवाला म्हणतो लीज दाखवा मग खातं उघडतो, आणि लीजवर सही करायची तर टाकीचं ठरत नाहीये. कोणी असं घर घेतलंय का? हीट इन्क्लुडेड (हीटिंगचा खर्च भाड्यातच) अपार्टमेंट सुचवू नका प्लीज, एकही रिकामं नाहीये.

प्रेषक: माई

अरे बाळू, तू सरळ हीट इन्क्लुडेड अपार्टमेंट बघ ना. कशाला त्या टाकीच्या भानगडीत पडतोस. आणि ओल्ड टाउनकडे तर अजिबात जाऊ नकोस, आम्ही होतो तिथे. पाणी ट्रकने येतं आणि सांडपाण्याची टाकी पण ट्रकच उपसतो, ती भरत आली की आंघोळी बंद. पाहुणे आले की ह्यांची पहिली चिंता तीच.

प्रेषक: नाना

माई, फ्रेम लेकला पाइपचं पाणी आहे, तो प्रश्नच नाही.

बाळू, मी गेलो होतो दुपारी दोनला, आता थंडीत तीननंतर अंधारायला लागतं त्यामुळे कोणी तुला पाचला घर दाखवतो म्हणालं तर नको म्हण. टाकी मागच्या भिंतीला आहे, साधारण हजार लिटरची असेल. वर गेजची नळी आहे, आतली लाल तबकडी अर्ध्यावर दिसली, पण नळीला आतून बर्फ धरलेला आणि मी दोनदा टिचकी मारली तरी ती जागची हलली नाही. आतला फ्लोट (तेलावर तरंगतो तो) अडकतो थंडीत. मालक तेच बघून अर्धी म्हणत असणार. झाकण उघडून काठी घातल्याशिवाय काही खरं नाही. माझं म्हणणं, त्याला सांग आधी तू फुल करून दे, मग मी फुल करून देईन.

प्रेषक: अण्णा

नानांच्या काठीचं राहू दे. आपल्या इथल्या, म्हणजे नॉर्थवेस्ट टेरिटरीजच्या कायद्यात भाडं सुरू होताना घर कसं आहे याचा कागद मालक-भाडेकरू दोघांनी सही करून ठेवायचा असतो. त्यात टाकीची पातळी लिही आणि लीजमधली ती ओळ बदलून "घेताना जेवढी तेवढीच सोडताना" असं करून घे. डिपॉझिट पण एक महिन्याच्या भाड्याच्या वर मागता येत नाही आणि त्यातलं अर्धं सुरुवातीला, उरलेलं ३ महिन्यांत देता येतं. वाद झालाच तर रेंटल ऑफिसर आहे. इथे अल्बर्टाचे नियम चालत नाहीत, माई.

प्रेषक: माई

मी अल्बर्टाचं नाव तरी काढलं का?

प्रेषक: नाना

काठीचं राहू दे म्हणे! अण्णा पहिल्यापासून अपार्टमेंटमध्ये राहतात, त्यांना टाकी कोरडी पडणं काय असतं ते कसं कळणार. नुसतं तेल ओतून फर्नेस सुरू होत नाही, लाइनमधली हवा काढावी लागते, बर्नरवाल्याला बोलवा, तो रात्री येतो की सकाळी ते बघा, आणि बाहेर उणे ४० असेल तर तोवर पाइप गोठून फुटणार. कागदावर लिहिलेली पातळी जाळून घर तापत नाही.

प्रेषक: अण्णा

मी कागद जाळा म्हटलेलं नाही. मोजा कशानेही, लिहून घ्या एवढंच म्हणतोय.

प्रेषक: सुलूताई

गाडीचं इंजिन गरम ठेवणाऱ्या ब्लॉक हीटरचं विचारलंस का? पार्किंगला प्लग आहे का आणि त्याची वीज कोणाच्या मीटरवर, हे पण लिहून घे. आमच्या आधीच्या घरी शेजारी आमच्याच प्लगला गाडी लावायचा आणि वर गुड मॉर्निंग म्हणायचा.

प्रेषक: नाना

सुलूताई, केबल पण थंडीची घ्यावी लागते. साधी गुंडाळी उलगडायला गेलात तर वरचं प्लास्टिक तडकतं.

प्रेषक: सचिव

कृपया ब्लॉक हीटर वेगळ्या विषयात घ्या. आणि गणपतीच्या वेळी हॉलवरून जे झालं ते इथे नको, नाना-अण्णा दोघांनाही विनंती. माई, "आमचं बेसमेंट रिकामं होतंय" ही मेल परवा गेली ती जाहिरात धरली जाते, आधी कार्यकारिणीला विचारायचं असं ठरलंय.

प्रेषक: माई

कधी ठरलं? मी मीटिंगला होते.

प्रेषक: बाळू

मालकाशी बोललो. लीजमध्ये दोन्हीकडे फुल लिहायला तयार आहे, ताबा द्यायच्या आदल्या दिवशी ट्रक बोलावतो म्हणतोय, पावती दाखवेन म्हणाला. नाना, शनिवारी तुम्ही जाल का? अकराच्या आधी नको, नीट उजाडलेलं नसतं. आणि माई, बेसमेंट कितीला?

प्रेषक: अण्णा

पावतीवर लिटर आणि तारीख बघ, नुसती रक्कम बघून हो म्हणू नकोस.

प्रेषक: माई

बाळू, फोन कर. इथे लिहिलं तर परत जाहिरात होईल.